ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कारचा मॅन्युअल मोड गोव्याच्या रस्त्यांवर कसा वापरावा

अनमोडहून मोलेकडे घाट उतरताना ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्ये, म्हणजे गियर तिने स्वतः निवडण्याच्या नेहमीच्या स्थितीत, ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की बहुतेक गाड्यांमध्ये एक गोष्ट घडते. पाय उचललेला असल्यामुळे चालकाला शक्ती नको आहे असा गिअरबॉक्सचा समज होतो आणि इंधन वाचवण्याच्या हिशेबाने तो एकेक करून वरचे गियर टाकत जातो. इंजिनाचे फेरे उतरतात, त्याची पकड सैल होते आणि गाडी मोकळी धावू लागते. म्हणजे जिथे तिला धरून ठेवायचे, नेमक्या तिथेच ती सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अलीकडच्या काही गाड्या उतार ओळखून खालचा गियर धरतात, परंतु उतार लागल्याचे त्यांना कळते ते उतार लागल्यानंतरच. चाकांचा वेग, इंजिनाचे फेरे, पायाचा दाब आणि स्टिअरिंगचा कोन अशा मोजमापांवरच गिअरबॉक्स आपला निर्णय घेतो. वळणापलीकडे थांबलेला ट्रक, रस्त्यात बसलेली माकडे किंवा झाडांच्या सावलीत दुपारपर्यंत न वाळलेला ओला पट्टा त्याला दिसत नाही, चालकाला दिसतो.

पुढे जे लागणार आहे त्यासाठीचा गियर ते लागण्याआधी निवडून ठेवणे, हे मॅन्युअल मोडचे, म्हणजे पॅडल किंवा लिव्हर वापरून गियर आपण स्वतः निवडण्याच्या सोयीचे, खरे काम आहे. हा मोड गाडी अधिक वेगाने पळवण्यासाठी असतो, अशी समजूत मी फोंड्यापासून म्हापशापर्यंत अनेक गाडीमालकांकडून ऐकली आहे. प्रत्यक्षात सरळ रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून वेग घ्यायचा असेल, तर आजचा चांगला गिअरबॉक्स माणसाच्या बोटांपेक्षा अचूक क्षणी गियर बदलतो, आणि तिथे त्याच्या कामात हात घालून काहीही साधत नाही. रोल्स-रॉइसने २०१३ साली रेथ ही गाडी आणली, तेव्हा उपग्रहाधारित नकाशावरून पुढचे वळण ओळखून आधीच गियर निवडण्याची सोय तिच्या गिअरबॉक्सला दिली होती. गिअरबॉक्सची उणीव नेमकी कोठे आहे, हे त्या एका सोयीवरून समजते. बाकीच्या गाड्यांत ती उणीव आपण स्वतः भरून काढायची असते.

आधी गाडीत काय आहे ते पाहावे

स्टिअरिंगमागच्या पॅडल दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांच्यापलीकडे असलेली यंत्रणा प्रत्येक गाडीत निराळी असते. पॅडल शर्यतीतून आल्या. १९८९ साली ब्राझीलच्या ग्रां प्रीमध्ये नायजेल मॅन्सेल यांनी जिंकलेल्या फेरारीत क्लच पायाने न दाबता पॅडलने गियर बदलण्याची सोय होती, आणि १९९७ मध्ये ती फेरारीच्याच एफ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत आली. लिव्हर बाजूला सरकवून अधिक-उणे करण्याची पद्धत मात्र पोर्शेच्या टिपट्रॉनिकने १९९० च्या सुमारास लोकप्रिय केली, आणि त्यामागे इंजिनाची शक्ती तेलातून पुढे देणारा नेहमीचा टॉर्क कन्व्हर्टर होता. दोन क्लचचा गिअरबॉक्स पोर्शेने १९८० च्या दशकातच शर्यतीच्या गाड्यांत वापरला. रस्त्यावरच्या गाड्यांत तो २००३ साली फोक्सवॅगनने डीएसजी या नावाने आणला आणि २००८ मध्ये पोर्शेने स्वतःच्या ९११ मध्ये पीडीके या नावाने बसवला.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यवहारी आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते, त्यामुळे चढावर गोगलगायीच्या गतीने सरकणे त्याला सोसते. दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये विषम गियर एका क्लचवर आणि सम गियर दुसऱ्यावर असतात, आणि पुढे लागेल असे वाटणारा गियर आधीच जोडून ठेवलेला असतो. म्हणून चौथ्यावरून तिसऱ्यावर येणे क्षणात होते. पाचव्यावरून थेट तिसऱ्यावर यायचे असेल, तर दोन्ही एकाच क्लचवर असल्यामुळे किंचित अधिक वेळ लागतो. कोरड्या क्लचचे गिअरबॉक्स चढावरच्या कोंडीत तापतात, हेही लक्षात ठेवायला हवे. एकच क्लच असलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये पॅडल ओढताना पाय किंचित सैल केला, तर धक्का कमी बसतो. सीव्हीटीमध्ये, म्हणजे वेगाचे प्रमाण सलग बदलणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, खरे गियर नसतातच. तिथे दाखवलेले टप्पे कृत्रिम असतात, तरी उतारावर त्यांचाही उपयोग होतो.

माझी गाडी माझ्या ताब्यात देताना विक्रेत्याच्या माणसाने फोन जोडून देण्यात बराच वेळ घालवला, परंतु पॅडलविषयी एक वाक्यही सांगितले नाही. सहाशे किलोमीटर चालवल्यानंतर मी मालकपुस्तिका उघडली आणि पुढील प्रश्नांची उत्तरे शोधली. प्रत्येक नव्या मालकाने ती पहिल्या दिवशीच शोधावीत असे मला वाटते. इंजिनाच्या कमाल फेऱ्यांची मर्यादा दाखवणाऱ्या लाल पट्ट्याला पोहोचल्यावर गाडी मॅन्युअल मोडमध्येही आपण होऊन वरचा गियर टाकते, की तिथेच अडून राहते? ॲक्सिलरेटर तळाशी, खटका लागेपर्यंत दाबला, तर मॅन्युअल मोड असूनही ती गियर उतरवते का? 'डी'मध्ये असताना पॅडल ओढली, तर निवडलेला गियर किती वेळ टिकतो? लिव्हर पुढे ढकलली की गियर चढतो, की उतरतो? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण फोक्सवॅगन आणि ह्युंदाईच्या गाड्यांत लिव्हर पुढे ढकलल्यावर गियर चढतो, तर बीएमडब्ल्यूमध्ये पुढे ढकलल्यावर उतरतो. घरात दोन गाड्या असतील, तर घाटात लिव्हरला हात न लावता पॅडलच वापराव्यात. उजवी पॅडल चढवण्यासाठी आणि डावी उतरवण्यासाठी, हा संकेत आजच्या गाड्यांत जवळजवळ सर्वत्र सारखा आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बहुतेक गाड्यांत मॅन्युअल मोड दोन प्रकारे मिळतो. 'डी'मध्ये असताना पॅडल ओढली, की तो तात्पुरता मिळतो आणि काही सेकंदांनी गाडी आपण होऊन 'डी'मध्ये परतते. लिव्हर 'एम'च्या खाचेत नेली किंवा 'एम'चे बटण दाबले, की तो कायमचा मिळतो आणि आपण सोडेपर्यंत टिकतो. सपाट रस्त्यावरच्या एखाद्या ओव्हरटेकसाठी तात्पुरता मोड पुरेसा आहे. घाटात तो धोक्याचा आहे, कारण दोन वळणांमधल्या सरळ पट्ट्यात तो गुपचूप संपतो आणि पुढच्या वळणावर आपण तिसरा समजून पाचव्या गियरमध्ये पोहोचतो. घाट सुरू होण्याआधी कायमचा मोड लावावा आणि पडद्यावर गियरच्या आकड्याशेजारी 'एम' दिसतो याची खात्री करावी.

सपाट रस्त्यावरचा सराव

पहिला सराव घाटात करू नये. सुट्टीच्या दिवशी सकाळी एखाद्या औद्योगिक वसाहतीतला रुंद, मोकळा रस्ता निवडावा आणि आधी दहा-पंधरा मिनिटे गाडी शांतपणे चालवून इंजिनाचे तेल तापू द्यावे. आपल्याकडे हवा बाराही महिने उबदार असल्यामुळे इंजिन तापवण्याची गरज नाही असे पुष्कळांना वाटते. परंतु ३० अंशांच्या हवेतही तेलाला ८० अंशांपर्यंत यायला वेळ लागतो, आणि शीतकाच्या तापमानाचा काटा मध्यावर आला तरी तेल त्याच्या मागेच असते. तोपर्यंत फेरे मिनिटाला ३००० च्या वर नेऊ नयेत.

त्यानंतर ताशी ४० किलोमीटरचा स्थिर वेग धरून तिसऱ्या गियरमध्ये फेरे किती आहेत ते पाहावे, मग डावी पॅडल एकदा ओढून दुसऱ्या गियरमध्ये ते किती होतात ते पाहावे, आणि पाय उचलल्यावर गाडी किती जोराने मागे ओढली जाते ते अंगाने समजून घ्यावे. हेच ६० वर तिसऱ्या आणि चौथ्या गियरमध्ये करावे. या चार-पाच आकड्यांची ओळख झाली, की घाटात काट्याकडे पाहावे लागत नाही, आवाजावरून कळते.

एक गियर उतरवल्यावर फेरे किती वाढतील, हे गियरच्या गुणोत्तरांवरून, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या दांड्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे होतात त्यावरून, काढता येते. बीएमडब्ल्यूसह अनेक कंपन्यांच्या गाड्यांत दिसणाऱ्या झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या आठ गियरच्या पहिल्या पिढीतील गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गियरचे गुणोत्तर ३.१४३, तिसऱ्याचे २.१०६ आणि चौथ्याचे १.६६७ आहे. चौथ्यात इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल, तर त्याच वेगाला तिसऱ्यात ते सुमारे ३७९० वर जाईल आणि दुसऱ्यात सुमारे ५६६० वर. पहिली उडी सौम्य आहे, दुसरी फार मोठी. खालच्या गियरमधली अंतरे अशी मोठी असल्यामुळे दुसरा गियर घालण्याआधी वेग ब्रेकने पुरेसा कमी केलेला असावा लागतो. वेग फार असेल, तर गाडी सूचना देऊन तो गियर नाकारते. हा नकार इंजिनाच्या रक्षणासाठी आहे, पण त्याचा दुसरा अर्थ पुढे उताराच्या संदर्भात पाहू.

चढ

चढावर 'डी'मधली गाडी अस्वस्थ असते. वळणाआधी पाय उचलला की ती वरचा गियर टाकते, वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की दोन गियर उतरवते, आणि हा बदल बहुधा गाडी अजून वळलेली असताना होतो. शक्तिशाली, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्या क्षणी एकाएकी आलेली ओढ मागची बाजू हलवू शकते. मॅन्युअल मोडमध्ये वळणाआधी, गाडी सरळ असतानाच गियर उतरवून ठेवला, तर वळणातून बाहेर पडताना पायाच्या दाबाप्रमाणे ओढ हळूहळू वाढते आणि मध्येच काही बदलत नाही.

केरीहून चोर्ला घाट चढताना एकेका पट्ट्यासाठी एकच गियर धरून ठेवणे उत्तम. बहुतेक गाड्यांत तो तिसरा असतो आणि अगदी आवळत्या वळणांवर दुसरा. टर्बो इंजिन असेल, तर फेरे २००० च्या खाली जाऊ देऊ नयेत, कारण त्याखाली पाय दाबला तरी टर्बोला दाब उभा करायला वेळ लागतो आणि अधीर झालेला चालक गरजेपेक्षा अधिक दाबून बसतो. पहिला गियर चालत्या गाडीत घालू नये. त्यात गाडी हिसके देते आणि वळणाच्या तोंडावर ते हिसके नकोत.

चवथीच्या दिवसांत घाटात ट्रकांमागे रांग लागते, तेव्हा दोन क्लचच्या गाडीने इंच-इंच सरकत राहू नये. समोर गाडीभर अंतर पडू द्यावे, मग पहिल्या गियरमध्ये क्लच पूर्ण जुळेल इतके पुढे जावे आणि पुन्हा ब्रेकवर थांबावे. चढावर ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरण्याची सवय क्लच जाळते. गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली, तर रस्ता रुंद असेल तिथे बाजूला थांबून, 'पी'मध्ये इंजिन चालू ठेवून ती सूचना जाईपर्यंत वाट पाहावी.

उतार

दर १०० मीटर उंची उतरताना १६०० किलोच्या गाडीची सुमारे १५.७ लाख जूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत पाच लिटरांहून थोडे अधिक पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. घाटाची उंची कित्येक शे मीटर असते, आणि ही सगळी उष्णता चार ब्रेक डिस्कवर टाकली तर आधी पॅड तापून त्यांची पकड कमी होते आणि नंतर ब्रेकचे तेल उकळू शकते. डॉट ४ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश असतो, परंतु हे तेल हवेतली ओल शोषते, आणि ओल शोषलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. गोव्याच्या दमट हवेत हे तेल दर दोन वर्षांनी बदलण्यात हयगय करू नये. अनमोड घाटाशेजारच्या कुळे ते कॅसलरॉक या ब्रागांझा घाटात रेल्वेचा चढ ३७ मीटरांना १ मीटर आहे आणि त्यासाठीसुद्धा गाड्यांना जादा इंजिने जोडतात. त्या मानाने आपण रस्त्यावरचा उतार फार हलक्यात घेतो.

खालच्या गियरमध्ये पाय उचलला, की इंजिन स्वतः ब्रेकचे काम करते. सिलिंडरमध्ये हवा ओढण्याला आणि घर्षणाला लागणारी शक्ती चाकांकडून घेतली जाते, आणि फेरे पुरेसे असतील तोवर आधुनिक इंजिनात त्या वेळी इंधन सोडणे पूर्ण बंद असते. उतारावर गाडी न्यूट्रल करून इंधन वाचते हा समज म्हणूनच चुकीचा आहे: न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळत राहते आणि इंजिनाची पकडही जाते.

उतारावरचा क्रम असा ठेवावा. घाटाच्या माथ्यावर, उतार सुरू होण्याआधी, कायमचा मॅन्युअल मोड लावून तिसरा गियर घालावा. क्रूझ कंट्रोल बंद करावा. वळण दिसले की गाडी सरळ असताना ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करावा आणि ब्रेक दाबलेला असतानाच डावी पॅडल एकदा ओढावी. इंजिनाचे फेरे जुळवण्याचे काम गाडी स्वतः करते. गियर जुळल्याचे जाणवल्यावरच दुसऱ्यांदा ओढावी. मग ब्रेक हळूहळू सोडत वळावे. वेग कमी करणे हे ब्रेकचे काम आणि कमी केलेला वेग टिकवणे हे गियरचे, अशी विभागणी मनाशी पक्की असावी. नुसत्या पॅडल ओढून गाडी थांबवू पाहणाऱ्याचे मागचे दिवे लागत नाहीत, आणि मागून येणाऱ्याला काहीच कळत नाही.

गियर योग्य आहे का, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. दोन वळणांमधल्या पट्ट्यात वेग धरून ठेवण्यासाठी सारखा ब्रेक दाबावा लागत असेल, तर एक गियर खाली जावे. गाडी फार ओढली जाऊन ॲक्सिलरेटर द्यावा लागत असेल, तर एक वर यावे. ज्या गियरने घाट चढायचा त्याच गियरने उतरायचा, हा जुन्या ट्रकचालकांचा दंडक आजही शहाणपणाचा आहे. मात्र लहान टर्बो इंजिने चढावर वरच्या गियरमध्येही जोर दाखवतात आणि उतारावर त्यांची पकड कमी असते, म्हणून अशा गाडीने चढताना वापरलेल्या गियरपेक्षा एक खालचा घ्यावा. उतारावर ३५०० किंवा ४००० फेऱ्यांचा आवाज ऐकून घाबरण्याचे कारण नाही. लाल पट्ट्याच्या बऱ्याच खाली असलेले ते फेरे तापलेल्या इंजिनाला सहज सोसतात.

आता गाडीने दिलेल्या नकाराकडे येऊ. वेग आधीच हाताबाहेर गेला असेल, तर खालचा गियर मागूनही मिळत नाही, कारण त्या वेगाला इंजिन लाल पट्ट्यापलीकडे जाईल असे गाडीचे गणित सांगते. म्हणजे खालच्या गियरची गरज जेव्हा सर्वांत अधिक असते, तेव्हाच तो नाकारला जातो. हा गियर आधी घालून ठेवण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी. नकार आलाच, तर पॅडल पुनःपुन्हा ओढत न बसता आधी ब्रेक जोराने दाबून वेग उतरवावा आणि मग मागावा.

पॅडल स्टिअरिंगबरोबर फिरतात की स्टिअरिंगच्या दांड्याला पक्क्या बसवलेल्या आहेत, हेही पाहून ठेवावे. बहुतेक गाड्यांत त्या फिरतात, आणि आवळत्या वळणात स्टिअरिंग अर्धे फिरले की डावी पॅडल उजवीकडे गेलेली असते. त्या अवस्थेत चुकीची पॅडल ओढली जाण्याची शक्यता मोठी. वळण सुरू होण्याआधी बदल पूर्ण केला, की हा प्रश्नच उरत नाही.

रस्ता अरुंद असेल आणि खालून वाहन येत असेल, तर चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, हे मोटार वाहन चालन विनियम २०१७ सांगतात. त्यासाठी थांबल्यावर गाडी पुन्हा पहिल्या गियरवर आलेली असते. निघाल्यावर दुसऱ्यावर किंवा तिसऱ्यावर आपणच न्यायचे असते, हे विसरून काही जण पहिल्यातच किंचाळणारे इंजिन घेऊन पुढे जातात.

पावसाळा

काही वर्षांपूर्वी, मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी काणकोणहून मडगावकडे येत होतो. करमल घाटात झाडांखाली पानांचा चिखल झाला होता. एका वळणात शिरल्यावर वेग थोडा अधिक वाटला म्हणून मी गाडी वळलेली असतानाच डावी पॅडल दोनदा ओढली. मागची चाके क्षणभर घसरली, गाडीची मागची बाजू बाहेर गेली, स्थिरता नियंत्रणाने एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ केले, आणि समोरून कोणी येत नव्हते म्हणून पुढे काही झाले नाही. इंजिनाची ओढ फक्त चालवणाऱ्या चाकांवर येते. निसरड्या रस्त्यावर, मागच्या चाकांच्या गाडीत, ती हातब्रेक ओढल्यासारखी लागते. तेव्हापासून मी गाडी वळलेली असताना गियर उतरवलेला नाही.

जून ते सप्टेंबर या काळात कोरड्या रस्त्यावर जो गियर घेतला असता, त्यापेक्षा एक वरचा गियर वळणात घ्यावा. तिथे फेरे कमी असले, की पाय उचलल्यावरची ओढ आणि दाबल्यावरचा जोर दोन्ही सौम्य होतात. उतारावर मात्र खालचा गियरच हवा. तिथे एका वेळी एकच पायरी उतरावी आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये श्वास घेण्याइतका अवकाश ठेवावा. स्पोर्ट मोड पावसात लावू नये, कारण त्यात गियर अधिक धक्क्याने जुळतात आणि काही गाड्यांत स्थिरता नियंत्रणही सैल होते. ते नियंत्रण सार्वजनिक रस्त्यावर कधीच बंद करू नये. पाण्याच्या थरावर चाके तरंगल्यासारखी वाटली, तर पॅडलला हात न लावता पाय हळूच उचलावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे. व्हाळाचे पाणी रस्त्यावर आले असेल, तर बुटक्या गाडीने तिथून परत फिरावे.

खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवरची तांबडी माती पहिल्या सरींत साबणासारखी होते. उसगाव-तिस्क परिसरात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, परंतु किनारपट्टीवरून आलेल्या चालकाला त्याचा अंदाज नसतो.

ओव्हरटेक

दोन पदरी रस्त्यावर ट्रकमागे असताना 'डी'मध्ये पाय तळाशी दाबला, तर गाडीला गियर उतरवायला लागणारा क्षण आपण समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला घालवतो. म्हणून आपल्या पदरात असतानाच गियर उतरवावा, फेरे ३००० ते ४००० च्या मध्ये आहेत हे पाहावे आणि रस्ता मोकळा दिसला, की मगच बाहेर पडावे. रस्ता मोकळा नसेल, तर त्याच गियरमध्ये थांबून वाट पाहता येते. फार खालचा गियर मात्र घेऊ नये. ट्रकच्या बरोबरीने असताना इंजिन लाल पट्ट्यावर आपटून ओढ तुटणे किंवा मध्येच गियर बदलावा लागणे, ही दोन्ही संकटे टाळण्यासाठी ओव्हरटेक पूर्ण होईपर्यंत पुरेल असा गियर निवडावा.

गावातले रस्ते, फेरीबोट आणि जत्रेचे मैदान

चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाणाऱ्या साळगाव किंवा हळदोण्याच्या रस्त्यांवर मॅन्युअल मोडचा उपयोग थोडा आहे. दुसऱ्या गियरमध्ये गाडी आपोआप सावकाश राहते आणि आंधळ्या वळणावर भाड्याची स्कूटर पुढ्यात आली, तर पाय उचलताच वेग कमी होऊ लागतो. पण आवाजी सायलेन्सर असलेल्या गाडीत तिथे वरचा गियर घ्यावा. रात्री ज्यांच्या ओसरीशेजारून आपण जातो त्यांना झोप हवी असते.

दिवाडी किंवा चोडणला जाताना फेरीबोटीवर गाडी चढवायची असेल, तर पहिला गियर धरून ठेवावा, कारण 'डी'मध्ये काही गाड्या लोखंडी फळीच्या मध्यावर दुसरा टाकून किंचित झेप घेतात. फळी ओली असते, त्यामुळे पाय अगदी हलका ठेवावा. भरती-ओहोटीप्रमाणे फळीचा कोन बदलतो. पुढचा बंपर घासेल असे वाटले, तर पुढच्या फेरीची वाट पाहण्यात काही बिघडत नाही.

जत्रेला गेल्यावर गाडी शेतात उभी करावी लागते आणि मध्यरात्री नाटक संपेपर्यंत दव पडून गवत निसरडे झालेले असते. तिथे मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गियर निवडून निघावे. ज्या गाड्या थांबलेल्या स्थितीत दुसरा गियर स्वीकारतात, त्यांत चाकांवर येणारा जोर कमी होतो आणि ती जागच्या जागी फिरत नाहीत.

घाट उतरल्यावर

मोलेला सपाट रस्ता लागला, की लिव्हर पुन्हा 'डी'मध्ये न्यावी किंवा, ज्या गाड्यांत ती सोय आहे तिथे, उजवी पॅडल थोडा वेळ ओढून धरावी. पडद्यावरचा 'एम' गेल्याचे पाहावे; तो तसाच राहिला, तर महामार्गावर गाडी चौथ्या गियरमध्ये विनाकारण ओरडत राहते. त्यानंतरचे चार-पाच किलोमीटर ब्रेकला शक्य तितका कमी हात लावून चालवावेत, म्हणजे डिस्कवरून वारा वाहून त्या थंड होतात. चहासाठी लगेच थांबायचेच असेल, तर सपाट जागी 'पी'मध्ये थांबावे, ब्रेकचा पाय दाबून ठेवू नये, आणि टर्बो इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवून मग बंद करावे. खाली उतरल्यावर चाकांजवळ जळका वास येत असेल, तर वरच्या वळणांपैकी कोठेतरी एक गियर खाली जायला हवे होते, आणि पुढच्या खेपेला माथ्यावरच तिसऱ्याऐवजी दुसरा घालून निघावे.